माझी डबा वाजवायची पाळी

"हिच्यानं काय वाजायचंय? डबा वाजवायला पन अंगात रग लागती की."

मी पांढरीच्या पलीकडच्या बाजूला वाकून तिच्या पोटाला खरारा करत होते, त्यामुळे बोलणाऱ्याला मी दिसले नाही. मला मात्र घोडीच्या पोटाखालून त्याचे बूट दिसत होते. मेडिकल दुकानवाले अण्णा. त्यांच्याबरोबरचा डाळमिलवाला हसला. मी हात थांबवला नाही. थांबवला असता तर मी ऐकलं हे त्यांना कळलं असतं.

कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंदहून खजुरीकडे निघालं की उजव्या हाताला एक माळ लागतो. अप्पांच्या घोड्या तिथं असतात. अप्पा तुरीचे व्यापारी. घोड्या हा त्यांच्या घरातला जुना शौक. लग्नसराईत त्या अक्कलकोट-उमरग्यापर्यंत वरातीला जातात. वरात नसेल त्या रविवारी सकाळी अप्पा गावातल्या हौशी लोकांना घोड्यावर बसायला शिकवतात. नेहमीचे आम्ही मूठभरच: अण्णा, डाळमिलवाले दोघे भाऊ आणि मी.

पांढरी ही वरातीची घोडी. वरातीतल्या घोडीला लगाम धरणारा माणूस नाचवतो, असं सगळ्यांना वाटतं, आणि बहुतेक घोड्यांचं तसं असतंही. पांढरीला कुणी नाचवावं लागत नाही. हलगीचा एक ठेका आहे, तो कानावर पडला की ती आपली आपण पुढचे दोन्ही पाय उचलते आणि मागच्या पायांवर उभी राहते. हे नव्या माणसाला सांगायचं नाही, अशी माळावरची रीत होती. बसायला जरा जमू लागलं की त्याला पांढरीवर चढवायचं आणि मागून तेलाच्या रिकाम्या डब्यावर तो ठेका धरायचा. माणूस पडणारच. पडला की टाळ्या, मग पेढे. डबा कुणी वाजवायचा तेही ठरलेलं: सगळ्यात शेवटी जो पडला असेल त्यानं. वाजवला की तो जुना झाला. तोपर्यंत नवा.

मी पडले त्याला दोन वर्षं होत आली. माळाच्या कडेला तुरीचं रान आहे, मी तिथल्या कापणीनंतरच्या टोकदार धसकटांवर पडले. दोन्ही तळहात सोलले. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मीही हसले, कारण हसायचं असतं हे मला समोरच्या चेहऱ्यांवरून कळलं. घरी आल्यावर हात मागे लपवून आईशी बोलले. त्या रात्री वाईट वाटलं ते पडल्याचं नाही. ही गंमत सगळ्यांना माहीत होती आणि मला एकटीला नव्हती, त्याचं. पण पुढच्या रविवारी मी गेले. आता आपली पाळी येईल, म्हणून गेले.

पाळी आलीच नाही. मधे दोन-तीन माणसं आली, पांढरीवर बसण्याआधीच यायची बंद झाली. त्यामुळे मी 'नवी'च राहिले. हाकही तीच. "ए नवी, बादली आन." "नवीला इचारा, तिनं बांधली ती दोरी." मी बादली आणत असे. घरी मात्र, बंगळुरूच्या कंपनीचं काम लॅपटॉपवर करता करता, टेबलावर बोटांनी तो ठेका धरत असे. मला तो चांगला येतो. हे कुणाला माहीत नव्हतं.

दिवाळीनंतर एक मुलगी शिकायला आली. खजुरीची, स्कूटीवरून. आल्या आल्या अप्पांच्या घरच्या अक्कांशी कन्नडमध्ये बोलली, खरारा करणाऱ्या चाचांशी दखनीत, आमच्याशी मराठीत. आणि तिन्हीकडे लोक हसत होते. माझं शिक्षण कलबुर्गीच्या इंग्रजी शाळेत झालं. मला या तिन्ही भाषा कळतात. पण बोलायच्या आधी मी वाक्य मनात जुळवते, आणि ते जुळेपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असतं. ती जुळवत नव्हती. चुकलं तरी तशीच पुढे जात होती, आणि तिच्या चुकांवरही लोक खूश होत होते. दोन वर्षांत अक्कांनी मला जे विचारलं नव्हतं ते तिला पंधरा मिनिटांत विचारलं: घरी कोण कोण, जेवलीस का, पुढच्या वेळी जेवणाचा डबा आणू नको, इथंच जेव.

त्याच दिवशी चहाच्या वेळी अप्पांनी सांगितलं, "आजपासनं ते डब्याचं बंद."

"आँ? कामून?" अण्णा म्हणाले.

"मानसं टिकंनात म्हनून. ती बसवकल्याणची बाई लेकीला घेऊन आलती. कुनीतरी तिला सांगितलं, इथं पाडत्यात म्हनून. परत फिरकली का? शिंगरू आनलं की आपन त्याला हप्ता-हप्ता नुसतं हुंगू देतो. अन् मानसाला पयल्या म्हैन्यात पाडतो व्हय?"

"आमी पडलोच की अप्पा. मेलो का?"

"तू निबर हैस."

सगळे हसले. मग अप्पांनी नवी पद्धत सांगितली. नवं माणूस आलं की आधी चहा. मग कुठली घोडी कशाला बिचकते ते सगळं सांगायचं, काही लपवायचं नाही. बसायला लिंबाखाली खुर्ची. आणि पहिले काही रविवार जुन्यातलं एक जण त्याच्या जोडीला.

ऐकायला हे चांगलं होतं. दोन वर्षांपूर्वी मला हेच हवं होतं, अगदी याच क्रमाने: चहा, माहिती, खुर्ची, कुणीतरी जोडीला. मी पहिले तीन महिने कुंपणाच्या खांबाला टेकून उभी असायची. बसू का, हे विचारायचा धीर नव्हता. आता लाल प्लास्टिकची खुर्ची आली, आणि ती खजुरीची मुलगी तिच्यावर पाय हलवत बसली होती. "आमी पडलो तवा कुनी खुर्ची दिली आमाला?" अण्णा पुटपुटले. मला ते कधीच आवडले नव्हते. त्या क्षणी मात्र माळावर माझ्या मनातलं बोलणारे ते एकटेच होते.

"हिच्या जोडीला तू," अप्पा माझ्याकडे बघून म्हणाले. मी मान हलवली.

मी काम नीट केलं, त्यात कसूर ठेवली नाही. खोगिराचा पट्टा किती आवळायचा ते हाताने दाखवलं. रिकिबीत पाऊल किती घालायचं ते तिचा बूट धरून दाखवलं. घोडीच्या शेजारून चालत तिला माळाला फेऱ्या मारून आणल्या. तोंडाने एक शब्द नाही. ती दोघींच्या वाटचं बोलायची. तिची बहीण, ती शिकवते त्या शाळेतली पोरं, कडब्याचे भाव, आळंदच्या बाजारात मिळालेली ओढणी. मधेच वळून "तुझं काय गं?" म्हणायची, थोडा वेळ थांबायची, आणि मी बोलले नाही की राग न धरता पुढं सुरू व्हायची. राग धरला असता तर मला बरं वाटलं असतं.

सगळ्यात जास्त लागलं ते पांढरीचं. अप्पांनी तिला पांढरीजवळ एकटीने जायला सांगितलं होतं, नुसती ओळख व्हावी म्हणून. मी दोन वर्षं त्या घोडीसाठी रुमालात गूळ बांधून आणत होते. ती गूळ खायची आणि तोंड फिरवायची. हिने काही आणलं नव्हतं. ही आपली तिच्या मानेला टेकून फोनवर बोलत होती, आणि पांढरीने तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवली. डोळे मिटून. मी रुमालाची गाठ पुन्हा घट्ट केली आणि तो गूळ परत घरी नेला.

पांढरी डब्यावर काय करते, हे तिला मी सांगितलं नव्हतं. अप्पांना वाटत होतं, जोडीदारिणीने सांगितलं असेल. मी सांगणार होते. दर रविवारी वाक्य जुळवत होते.

आणि मग तो रविवार. अप्पा पांढरीला विश्रांतीसाठी मागे ठेवून बाकीच्या घोड्या अक्कलकोटच्या लग्नाला घेऊन गेले होते, अक्काही बरोबर; आम्ही मात्र सवयीने माळावर आलो होतो. खरारा झाल्यावर खोगीर चढवून मी पांढरीला बाहेर आणलं, आणि पाहते तर अण्णांच्या हातात तेलाचा डबा.

"अप्पा न्हाईत," ते म्हणाले. "तुझी पाळी दोन वर्सं लटकलीय बग. तुझ्यावर हा अन्याय हाय, मी अप्पाला पन बोललो. ये." मग डाळमिलवाल्याकडे बघून म्हणाले, "आज आमची पोर वाजवनार."

नवी नाही म्हणाले ते. आमची पोर म्हणाले. मघाशी घोडीआडून ऐकलेलं बोलणं माझ्या कानात अजून होतं. तरीसुद्धा तो शब्द ऐकून मला आनंदच झाला, हे मला नाकारता येणार नाही. मी डबा घेतला. काठी घेतली. डबा हलका होता, आणि त्याला अजून करडईच्या तेलाचा वास होता.

डाळमिलवाल्या भावांनी तिला पांढरीवर चढायला हात दिला. तिला काय, तिला आनंदच झाला. एका रिकिबीत पाऊल नीट गेलं होतं, दुसरं नुसतं अडकवलेलं. एका हातात लगाम, दुसऱ्या हातात फोन, बहिणीला फोटो पाठवायचा म्हणून. पांढरीच्या मागे तुरीचं रान होतं, नुकतंच कापलेलं. धसकटं वर आलेली.

माझे हात तयार होते. ती पडली तर काय होईल, ते मी बघत होते: फोन एकीकडे, ती एकीकडे, टाळ्या, आणि ती उठून कपडे झटकत हसणार. तिला हसायला जमणार, हे मला माहीत होतं. दोन मिनिटांत ती या गोष्टीचीही गंमत करून तीन भाषांत सांगणार आणि लोकांना ती आणखी आवडणार. माझ्या पडण्यातून मला जे मिळालं नाही, ते तिला तिच्या पडण्यातूनही मिळणार. ती पडू नये असं मला वाटत होतं, त्याला आधी हे कारण होतं. धसकटं नंतर आठवली. माझे तळहात त्याहून नंतर.

"हान की गं," अण्णा हळूच म्हणाले. "कुनाची वाट बगायलीस?"

ती माझ्याकडे वळली. डबा आणि काठी बघून तिचा चेहरा उजळला. "अय्या, तू वाजवतीस? सांगितलं न्हाईस कधी! वाजव की, वाजव. व्हिडिओ काढते मी."

तिने फोन माझ्यावर धरला. अण्णांना हसू आवरत नव्हतं. त्यांनी तोंडावर हात धरला. तिनेच वाजवायला सांगितलं होतं, म्हणजे उद्या अप्पांनी विचारलं तरी मला उत्तर होतं. काठी डब्यापासून वीतभर वर होती. पांढरीने एक कान माझ्याकडे वळवला. तिला काठी ओळखीची होती.

वाक्य जुळवायला वेळ नव्हता. काठी खाली गेली असती किंवा तोंड उघडलं असतं, दोन्हींपैकी एकच होणार होतं. मी डबा जमिनीवर ठेवला, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा माझा आवाज बराच मोठा निघाला.

"तू मला आवडत न्हाईस," मी म्हणाले. "पन आधी खाली उतर. डबा वाजला की ही दोन पायांवर उभी ऱ्हाती, अन् हे तुला मी पयल्याच दिवशी सांगायला पायजे होतं."