सलोमीमावशीचं पातेलं

सलोमीमावशीचं पातेलं आमच्या घरी भरून यायचं, पण जाताना ते रिकामंच जायला पाहिजे, असा तिचा हट्ट. कुणी मूठभर साखर घालून परत दिलं की ती तिथंच उंबऱ्यात साखर देणारीच्याच पदरात परत ओतायची आणि म्हणायची, "माझं पातेलं रिकामं आण बाई, घासलं नाहीस तरी चालेल." सासूबाईंना हे अजिबात पटायचं नाही. त्या म्हणायच्या, "रिकामं भांडं कुणाच्या घरी नेतात का, लोक काय म्हणतील." मग मी साखर घेऊन जायची आणि साखर घेऊनच परत यायची.

मावशी मिशनच्या दवाखान्यात दाई होती. काम सुटल्यावर आमच्याच चाळीत शेवटच्या खोलीत राहायची. अर्ध्या नाशिकची बाळंतपणं मीच केली, असं सांगायची आणि स्वतःच हसायची. मी नामपूरकडची, सातवीतून शाळा सुटली, लग्नाआधी बाप्तिस्मा झाला. पण मला सारखी भीती, की पाणी नुसतं अंगाला लागलं, आत काही झालंच नाही. पाळकसाहेब रविवारी देवळात नव्या जन्मावर, म्हणजे माणूस आतून नव्यानं जन्मतो त्यावर, बोलायला लागले की मी खालीच बघायची.

नीता पाच महिन्यांची असताना तिला ताप आला, जुलाब लागले, डोळे खोल गेले. हे सातपूरला पाळीवर होते आणि मी घाबरून प्रभूला बोलून बसले, की हिला वाचव, ही चालायला लागेपर्यंत मी एकच वेळ जेवीन, दुधातुपाला शिवणार नाही. माहेरी असंच करायचे, मला दुसरं काय येत होतं. नीता बरी झाली, ताप उतरला, पण मग ती अंगानं भरेना, दिवसभर किरकिर करायची. आणि मला बोललेलं मोडायचं भ्या वाटायचं.

एका दुपारी मावशी अळिवाची खीर घेऊन आली. मी नीताला पाजत होते. मावशी बसली आणि कान देऊन ऐकत राहिली.

"ही ओढतेय, पण गिळत नाही गं. तू जेवतेस का?"

मला रडूच आलं. सगळं सांगून टाकलं.

"त्यानं मागितलं होतं का हे तुझ्याकडं?"

"नाही. पण फुकट कसं मागायचं, मावशी?"

"अगं वेडे, मी एवढी पोरं बाहेर काढली, त्यातलं एक तरी आपल्या कष्टानं जन्माला आलं का? कळा आईनं दिल्या. पोर आपलं आयतं येतं, वर आपल्यावरच ओरडतं."

"मी मोडलं आणि हिला काही झालं तर?"

मावशी तेव्हा हसली नाही. नीताला माझ्याकडून घेऊन तिनं आपल्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, "तो पोर देऊन परत मागत बसणारा नाही. आणि हिला आत्ता तुझी उपासमार नको, दूध पाहिजे. खा. मी इथंच बसलेय."

मी खाल्लं. डोळे नीताकडे होते, एकेक घास घेतला की बघायची, श्वास चालू आहे ना. पातेलं संपेपर्यंत मावशी हलली नाही. रोज तशीच यायची, बसायची. थोड्या दिवसांनी नीता पिताना गटगट आवाज यायला लागला. मावशीनं दारातूनच ऐकला आणि मान हलवली.

पुढं एकदा मी तिला विचारलं, नवा जन्म झाला हे कळतं कसं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "बाळाला कळतं का आपण जन्मलो ते? त्याला भूक लागते. तुला लागते ना, मग झालं."

गेल्या महिन्यात मावशी एकलहऱ्याला लेकाकडे राहायला गेली. टेम्पोत सामान भरत होते आणि सकाळी खीर घेऊन आलेलं पातेलं अजून आमच्याकडेच होतं. सासूबाई सवयीनं साखरेचा डबा घेऊन आल्या. मी म्हटलं, "राहू द्या, आई," आणि नीताला कडेवर आणि रिकामं पातेलं हातात घेऊन तशीच गेले.

मावशीनं आत बघितलं. कडेला खीर वाळलेली होती.

"घासलं पण नाहीस," ती म्हणाली, आणि खूश होऊन ते तसंच पिशवीत घातलं. मग नीताच्या डोक्यावर हात ठेवला, आमच्या मंडळीच्या रीतीनं मला सलाम केला आणि टेम्पोत बसली.

परत आले तर सासूबाई दारातच. "काय घातलंस गं त्यात?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि नीताला त्यांच्याकडे देऊन जेवायला बसले.