ब्रेकच्या स्क्रूवरचं कुंकू

मंडळी, आज घरच्यासारख्या माणसाने फसवलं, म्हणून लिहितोय.

उद्या माझी मुलगी पहिल्यांदाच माउंटन बाइकवरून चामुंडी टेकडी उतरणार आहे. म्हणून बाइक बन्नीमंटपच्या आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे सर्व्हिसिंगला दिली होती. सकाळी आणायला गेलो तर म्हणाला, "अण्णा, ब्रेक उघडून दोन्ही पॅड नवे घातले. चिंते बेडा, काळजी करू नका!"

मी चाक फिरवलं. तीच जुनी खरखर! उमेदीची वर्षं लेथवर काढलीत मी, लोखंडाला लोखंड घासलेलं मला लगेच ऐकू येतं.

वाकून पाहिलं. आयुधपूजेला ब्रेकच्या स्क्रूवर मीच लावलेलं कुंकू जसंच्या तसं होतं. पाना घालायची खाचसुद्धा त्याने बुजलेली.

"हे न पुसता ब्रेक उघडलास कसा रे?"

"देवाचं कुंकू, अण्णा. कसं पुसणार?"

आणि वर हसला!

वेळ झाला नाही म्हणाला असता, तर मीच तिथे बसून पॅड बदलले असते. शेवटी घरी आणून बदललेच.

पण मंडळी, बारा वर्षं माझी सायकलही तोच दुरुस्त करतोय. नुसत्या त्याच्या शब्दावर मी ती टेकडी किती वेळा उतरलो असेन?