अक्का तापात बोलत नव्हत्या

अक्का गेल्याचा फोन शेजारच्यांकडे आला, तेव्हा मी त्यांच्यासाठी पेज गाळत होते. आदल्या संध्याकाळी दवाखान्यात त्यांनी माझा हात धरून विचारलं होतं, "सुमन, पोरी आल्या तर नाहीत ना गं?" मी म्हटलं, "नाही आल्या." त्यांनी डोळे मिटले... आमचं शेवटचं बोलणं एवढंच.

अक्का माझ्या थोरल्या नणंद. लवकर वैधव्य आलं, सासर सुटलं आणि जळगावातल्या मुलींच्या एका वसतिगृहात त्या रेक्टर झाल्या. खेड्यापाड्यांतून कॉलेजात आलेल्या त्या मुलींवर त्यांचा जीव होता, पण तो दिसायचा नाही. दिसायचा तो धाक. कोणाला संध्याकाळी उशीर झाला की स्वतः फाटकात उभ्या. धुळ्याला आमच्याकडे आल्या तरी माझी मोरी नीट घासली आहे का ते बघायच्या. मला राग यायचा. मी तो लपवत नसे आणि त्याही मनावर घेत नसत.

वसतिगृहात पूर्वी परसात बंब पेटायचा. जळण, धूर, बादल्यांची रांग. मग एका देणगीदाराने गच्चीवर सोलर बसवून दिलं, न्हाणीघरांत शॉवर आले आणि दाराशी त्याच्या नावाची संगमरवरी पाटी लागली. ऊन कमी असेल तेव्हासाठी टाकीत विजेची कॉइल होती. बिल येईल म्हणून संस्थेने ती जोडलीच नाही. ढगाळ दिवसांत पाणी नुसतं कोमट यायचं. अक्का बैठकीत कुरकुर करायच्या, पण ती मुलींना थंडी वाजते म्हणून. त्यापलीकडचं तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

दिवाळीची सुट्टी संपायच्या आधीच त्या एकट्या जळगावला परतल्या, बंद पडलेली न्हाणीघरं धुवायला. दार लोटून, एकेक शॉवर सोडून सकाळभर फरशा घासत बसल्या. थोड्याच दिवसांत ताप, कोरडा खोकला, धाप. माझ्या यजमानांनी जाऊन त्यांना धुळ्याला आणलं. न्यूमोनियाची नेहमीची औषधं लागू पडेनात, तेव्हा छातीच्या डॉक्टरांनी मागचं सगळं खोदून विचारलं आणि न्हाणीघरांपाशी येऊन थांबले.

"काही जंतू थंड पाण्यात निपचित पडून राहतात, कढत पाण्यात मरतात," ते म्हणाले. "अंगाला सोसेल असं कोमट पाणी त्यांना मानवतं. त्यात पाइपात इतके दिवस साचलेलं. शॉवर सोडला की बारीक तुषारांबरोबर ते श्वासातून छातीत जातात. औषध बदलतो, पण उशीर झालाय... आणि ही माझी शंका आहे. त्याची तपासणी इथे होत नाही."

ऑक्सिजन लावलेल्या अक्का हे ऐकत होत्या. "मग पोरींना येऊ देऊ नका," त्या म्हणाल्या.

माझे यजमान जळगावला जाऊन संस्थेच्या सचिवांना भेटले. मागणं साधं होतं. कॉइल जोडा, टाकी चांगली कढत करा, ते पाणी एकेका नळातून सोडून द्या, तोवर शॉवर बंद ठेवा. सचिव हसले. "भाऊ, उन्हाने तापलेल्या पाण्याने कधी माणूस आजारी पडतं का? देणगीदारांना काय सांगू? डॉक्टरांना लेखी द्यायला सांगा." तपासणीशिवाय डॉक्टर लेखी देईनात.

तेव्हा अक्कांनी मला खाटेशी बसवलं आणि धापा टाकत एकेका मुलीचं घर सांगितलं. हिचा बाप पारोळ्याला खताच्या दुकानात असतो. तिच्या गावात फोन फक्त सोसायटीत. अमकीचा मामा सावद्याला केळीच्या वखारीत भेटेल. एसटीडी बूथवर उभी राहून मी सगळीकडे फोन लावले. सांगितलेलं एकही ठिकाण चुकलं नाही. बऱ्याच मुली घरीच राहिल्या. मग संस्थेचा माणूस दवाखान्याच्या व्हरांड्यात येऊन सांगून गेला, वसतिगृहाची बदनामी केल्याबद्दल बाईंना कामावरून कमी केलंय. तो निरोप आम्ही आत नेला नाही.

त्यानंतर मात्र त्या खरंच बडबडू लागल्या. आईला हाका मारत, हवेत नळ बंद करत, मधूनच भानावर येत. हे मी नाकारत नाही. पण हे नंतरचं.

शोकसभा त्याच वसतिगृहाच्या अंगणात झाली. अध्यक्ष गहिवरून म्हणाले, "अखेरीस तापाच्या भरात बाईंच्या मनाने भलतंच घेतलं. ते आपण विसरून जाऊ." माना हलल्या. मी उठून उभी राहिले, तोवर माइक पुढच्या वक्त्याकडे गेला होता. फाटकाशी चाळीसगावकडचा एक बाप भेटला. "अक्कानी सांगं म्हणीसन धाडी नही. पोर घरमाच शे," एवढंच बोलून तो माणूस डोळे पुसत बाजूला झाला. त्या सभेत अक्कांवर विश्वास ठेवणारा मला तो एकटाच दिसला.

परवा त्यांचं सामान आणायला गेले. मुली परतल्या आहेत, कॉइल अजून जोडलेली नाही. अक्कांच्या खोलीत नव्या रेक्टरबाई केस पुसत बसल्या होत्या. खाट तीच, भिंतीलगतच्या दोरीवर अक्कांचं पातळ तसंच वाळत पडलेलं. "पाणी छान येतं हो इथे," त्या आपणहून म्हणाल्या, "अगदी अंगाला सोसेल असं." मी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पातळाची घडी घालून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "हो, ऐकलंय. तापात त्या असंच काहीबाही बोलत होत्या म्हणे."