काठोकाठ

शहादेव माझा ऊसतोडीतला जोडीदार. कोयता ठेवल्यावर त्यानं शिरूर कासारच्या घरात समुद्रासारख्या खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली आणि तीत जिवंत पोवळी जोपासली. उन्हाळ्यात पाणी उडायचं, मीठ मागं राहायचं. म्हणून तो भर फक्त आरओच्या, क्षार काढलेल्या पाण्याची घालायचा. एकदा तो बाहेरगावी असताना त्याच्या बायकोनं, सरस्वतीवहिनींनी टाकी बोअरच्या पाण्यानं काठोकाठ भरली. शहादेव परत आला तर पोवळी आक्रसून मिटलेली.

"कावून भरलंस? हा काय रांजण हाय?"

"रिकामं बघवत न्हाई. ऊसतोडीला कोपीत ऱ्हायचो तवा हंडाभर पाण्यासाठी कोसभर चालायचे मी."

 रोज थोडं थोडं पाणी बदलत शहादेवनं पोवळी सावरली. मग आरओच्या पाण्याचा हंडा टाकीजवळ ठेवला, काचेवर रेघ मारली. "आता रोज तूच भर. रेघेपर्यंत."

वहिनी आता नाहीत. शहादेव टाकी रेघेपर्यंतच भरतो, हंडा मात्र काठोकाठ.