एअरपोर्टवाले चाचा

आमचे एअरपोर्टवाले चाचा विमानाला चादर हलवून निरोप देत. चंद्रपूरहून नागपूरच्या विमानतळावर माणसं पोचवणं हा त्यांचा धंदा. उडणारा एकटाच असला तरी त्याची आई, काका, मावशी, शेजारीण अशी अख्खी वरात गाडीत असायची, आणि विमानतळाच्या दारातला जवान तिकीट नसलेल्यांना आत सोडत नसे. मग हिरमुसलेल्या वरातीला चाचा कुंपणामागच्या माळावर नेत, सीटवरची फुलाफुलांची चादर काढत आणि विमान डोक्यावर आलं की सगळ्यांना ती धरून हलवायला लावत.

माझ्या भाचीला पोचवायला गेलो तेव्हा मीही एक टोक धरून अगदी मनापासून चादर हलवली. नंतर कळलं, तिचं विमान उशिरा सुटलं होतं आणि आम्ही निरोप दिला तो दिल्लीला निघालेल्या परक्या लोकांना. मी चाचांवर वैतागलो. ते शांतपणे म्हणाले, "त्याईले पोचवाले कोणी आलं नसन, भाऊ. होऊ द्या त्याईचं बी भलं."

त्यांच्यासोबत जायचं म्हणजे झोपेचं खोबरं ठरलेलं. दुपारचं विमान असलं तरी पहाटे दारात हॉर्न वाजलाच म्हणून समजा. वाटेत वरोऱ्याजवळ कोळशाचे ट्रक अडकले की सगळं मुसळ केरात, हा त्यांचा धसका. एसटीला हात दाखवला तर ती थांबते, विमान थांबत नाही, हे ते प्रत्येक प्रवाशाला ऐकवत. वाटेत जाम गावाला चहा प्यायला उतरलं तरी ते इंजिन बंद करत नसत.

आपल्या गावातून प्रवासी विमान सुटणार, अशी बातमी अधूनमधून छापून येई. गावाबाहेर धावपट्टी आहे, तिथं मंत्री उतरतात, मग आपण का नाही, असा चाचांचा सवाल. बातमी आली की ते पेढे वाटत. बातमी विरून जाई, पुढच्या वेळी पुन्हा पेढे. मी चिडवलं की चाचा, इथून विमान सुटलं तर तुमच्या पोटावर पाय येईल.

"येऊ द्या," ते म्हणाले. "पोरगी तं येईन."

नजमा त्यांची एकुलती एक. आई गेल्यावर चाचांनीच वाढवलेली. बंगळूरला नर्स होती. ईदला सुट्टी मिळे ती जेमतेम. विमानातून पटकन नागपूरला आलं तरी पुढच्या रस्त्यात आणि परतीच्या धावपळीत सुट्टी संपायची. मग ईद फोनवरच व्हायची. त्यानंतर मी त्यांना कधी चिडवलं नाही. पेढा मात्र मुकाट्याने खाल्ला.

गेल्या उन्हाळ्यात सकाळी छातीत कळ आली आणि चाचा गेले. नजमा मिळेल त्या विमानानं निघाली. तिला आणायला त्यांचीच गाडी घेऊन मी गेलो. विमान वेळेवर उतरलं. पण वरोऱ्याच्या अलीकडे ट्रक उलटला होता आणि रांग हलायचं नाव घेईना. उन्हाचे दिवस, दफन लांबवणं बरं नव्हे. नजमा म्हणाली, "काका, घरच्या लोकाईले सांगा थांबू नका म्हणून. अब्बाचे हाल नको."

मी मशिदीच्या इमामसाहेबांना फोन लावला. माझं बोलणं पुरं होण्याआधीच ते म्हणाले, "तिले म्हणा, आम्ही बसलो आहो. गाडी हळू आणा." मला रडू आवरेना.

आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांची लेकरं चाचांनी वेळेत पोचवली होती ते सगळे, मशिदीकडचे आणि देवळाकडचेही, बर्फाच्या लाद्या आणून, दुपारपासून ताटकळत उभे होते. एकाही माणसानं उशीर का झाला म्हणून विचारलं नाही. सगळ्यांनी बाजूला होऊन वाट दिली.

नजमा जनाज्याजवळ बसली. कुणीतरी तोंडावरचं कापड बाजूला केलं. ती वाकून म्हणाली, "अब्बा, विमान वेळेवर आलं होतं."