चाळणकाकी

चाळणकाकींना हाड नुसत्या बोटांनी कळायचं. उत्खननावरचे आम्ही विद्यार्थी शंका आली की तुकडा जिभेला लावून बघायचो. हाड चिकटतं, दगड चिकटत नाही. काकींनी मला तसं करताना पाहिलं आणि हातातली चाळणी खाली ठेवली. "मानूस हाय गो तो," म्हणाल्या. त्यानंतर निदान त्यांच्यासमोर तरी आमच्या जिभा तोंडातच राहिल्या.

पोलादपूरच्या वरच्या डोंगरात, दगडांच्या वर्तुळाखाली एक प्राचीन दफन निघालं होतं. काकी तिथल्याच वाडीतल्या, खड्ड्यातली माती चाळायला रोजंदारीवर येत. मी महाडचीच, मला ठाऊक होतं की आमच्या लाल मातीत हाडं टिकत नाहीत. कवटी, मांड्यांची हाडं, थोडे दात, एवढंच हाती आलं. काकींना ते पटेना. चाळून टाकलेला ढीग त्यांनी पुन्हा चाळायला घेतला, जेवणाच्या सुट्टीतही. मुकादमाची बडबड कानाआड करत. तिसऱ्या दिवशी आणखी एक दात मिळाला तेव्हा त्या हसल्या. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

त्यांचा नवरा औद्योगिक वसाहतीत कामाला होता. पहिल्या पाळीला निघाला आणि पुरात नदीवरच्या साकवावरून वाहून गेला. दासगावपर्यंत नदी धुंडाळली, काही सापडलं नाही. शेवटी भावकीनं दर्भाचा पुतळा करून जाळला. काकी त्याबद्दल फार बोलत नसत. "गवत जाललं गो," एवढंच एकदा म्हणाल्या, "तो नाय."

संध्याकाळी मी दफनाचा नोंदतक्ता भरायचे. काकी घरी जायचं सोडून शेजारी बसत आणि तो वाचून दाखवायला लावत: किती खोल, डोकं कोणत्या दिशेला, जवळ कुठलं भांडं. इतक्या जुन्या, बिननावाच्या माणसाचं एवढं सगळं कागदावर राहतं याचा मला अभिमान वाटायचा. ऐकताना त्यांना काय होत असेल, हे विचारायचं मला सुचलं नाही. त्याची अजून लाज वाटते.

शेवटच्या दिवशी हाडं पेटीत गेली. काकींनी एक कोरा तक्ता मागितला. माझ्या माणसाचा भर, म्हणाल्या. नियमात बसत नव्हतं, तरी भरायला बसले. नाव. वय. उंची काकींपेक्षा वीतभर जास्त. डाव्या पायावर कोयत्याची खूण. अंगात निळा सदरा. त्या न रडता एकेक सांगत गेल्या. 'डोकं कोणत्या दिशेला' या रकान्यापाशी माझं पेन थांबलं. तो सोडून पुढे जायला लागले तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"लिव," म्हणाल्या, "घराकडं."