आईची साखळी आणि विमानाची चाकं

मी विमानाच्या पायांचा मेकॅनिक. चाकं, ती वर ओढणारं तेल आणि त्या तेलाचे पाईप, एवढंच माझं जग. कुठली कुठली माणसं माझ्या भरवशावर विमानात खुशाल घोरतात. भरवसा नाही तो फक्त माझ्या आईला. "तू दुरुस्त करतोस म्हणून तर भ्या वाटतंय," ती म्हणते. का, तर शाळेत असताना मी मिक्सर खोलला आणि परत जोडल्यावर तीन स्क्रू उरले. तो मिक्सर अजून चालतो, पण ते ती पाहुण्यांना सांगत नाही.

मध्यंतरी दिल्लीला दिलेल्या बहिणीचं पहिलं बाळंतपण आलं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडे कायदाच. सोमेश्वरनगरच्या घरी खाट, शेगडी, डिंकाचे लाडू, सगळी तयारी झालेली. आणि दिल्लीच्या डॉक्टरीणबाईंनी बहिणीचा प्रवास बंद केला. वर सांगितलं, बाळ कधीही येईल. म्हणजे आता माहेरानंच उठून दिल्लीला जायचं. रेल्वेचं तिकीट मिळेना आणि विमान म्हटलं की आई कानांवर हात ठेवायची. बहीण फोनवर रडायची, "आई, तू नसलीस तर मला न्हाय जमनार." आई इकडं पदरानं डोळे पुसायची, पण हो म्हणायची नाही.

बरं, आईला विमान नवीन नाही. बारामतीच्या धावपट्टीवरची शिकाऊ विमानं आमच्या उसावर रोज घिरट्या घालतात. घोळ झाला तो तिथंच.

"त्यांची चाकं बग, कायम खाली," ती म्हणाली. "तुजी मोठी इमानं चाकं पोटात घेत्यात. तेल गेलं मंजी? त्यापरीस तसल्या उघड्या चाकाच्या इमानाचं तिकीट काढ."

चार खुर्च्यांच्या त्या डबड्यातून दिल्ली. मला रागही आला आणि हसूही. "अगं, तेलाच्या तीन वेगवेगळ्या सोयी असतात," मी सांगितलं. "एकीचा पाईप फुटला तरी दुसरीचं तेल गळत नाही."

"आन चाकाला त्यातल्या किती?"

नेमकं दुखतं तिथं बोट. "आमच्या विमानात चाकं खाली सोडायला नेहमीची एकच."

"मग बाकीच्या दोन काय शोभंला?"

त्या विमान वळवायला, ब्रेक लावायला, असं बरंच सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तिला अंगणात ट्रॅक्टरपाशी नेलं आणि नांगर लिफ्टवर उचलला. ट्रॅक्टर रस्त्याला निघाला की वर उचललेल्या नांगराला साखळी बांधल्याशिवाय आई तो सोडत नाही. एकदा तेलाचा पाईप फुटला, नांगर खाली आला आणि वडिलांनी नवा डांबरी रस्ता देवळापर्यंत नांगरून ठेवला, तेव्हापासूनचा हा नियम. गाव अजून त्या रस्त्याला आमचं वावर म्हणतं.

"त्या दिवशी पाईप फुटल्यावर नांगर वर राहिला का खाली आला?" मी विचारलं.

"खालीच येनार की. जड हाय."

"चाकंपण जडच असतात. तेल लागतं ते त्यांना वर न्यायला. वर गेली की लोखंडी कड्या त्यांना धरून ठेवतात, तुझ्या साखळीसारख्या. सगळ्या तेलानं दगा दिला तरी पायलटपाशी एक मूठ असते. ती हातानं ओढली की कड्या सुटतात, चाकं आपल्या वजनानं खाली येतात आणि स्प्रिंग त्यांना तिथंच अडकवून टाकते."

आई साखळी हातात घेऊन उभी राहिली. "आन कडीच आडली तर?"

मला खोटं बोलवेना. "मग पोटावर उतरवतात. खाली आगीच्या बंबगाड्या तयार असतात. पण तसं क्वचित होतं."

घ्या, केलेल्या कामावर पाणी पडलं, असं मला वाटलं. आईनं हातातली साखळी नांगराला बांधून टाकली. "खोटं बोलला असतास तर आली नसती," असं म्हणून ती लाडवांचा डबा बांधायला आत गेली.

दिल्ली जवळ आली तसा विमानाच्या पोटातून धाडकन आवाज झाला. हा आवाज माझ्या रोजच्या ओळखीचा. पण त्या दिवशी आई शेजारी होती आणि मीच खुर्चीचा हात घट्ट आवळला. तिनं माझ्या हातावर थोपटलं. "साखळी सुटली," ती म्हणाली. "गप बस."

दवाखान्यात पोचलो तेव्हा बहिणीला आत नेत होते. घामानं भिजलेली, रडून डोळे सुजलेले. तिनं आईचा हात धरला. "आई, माज्यात ताकदच उरली न्हाय गं."

आई तिच्यावर वाकली. "ताकद वर न्यायला लागती, बाय. खाली यायला ज्याचं त्याचं वजन बास हाय. तू निस्ती कडी सोड."

बहिणीला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण तेवढ्या कळांतही ती हसली. आईला बरोबर घेऊनच ती आत गेली.

अंधार पडायच्या आत मुलगी झाली. आई तिला दुपट्यात गुंडाळून बाहेर घेऊन आली. मी हात पुढं केले, तसे तिनं ते आधी निरखून बघितले.

"नीट धर," ती म्हणाली. "हितं स्क्रू उरून चालायचं न्हाय."